दात घेऊन आलेले बाळ आणि फाटकापाशी थांबलेला मामा

बाळ दात घेऊनच जन्मले तर ते मामाच्या मुळावर येते का, आणि तो दात लगेच काढून टाकावा का, हे दोन प्रश्न माझ्याकडे बहुधा जोडीने येतात. त्यातला पहिला मात्र दुसऱ्याच्या आडूनच विचारला जातो. असेच एक कुटुंब मला चांगले आठवते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच गाळले आहेत.

पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली, मुलगा नऊ दिवसांचा. बाळाच्या खालच्या हिरडीवर मधोमध तांदळाच्या कणीएवढा, पिवळसर दात होता आणि बोट लावले की तो हलत असे. दात लागेल या धास्तीने चार दिवस तिने बाळाला अंगावर घेतलेच नव्हते. दूध पिळून वाटीत काढायचे आणि कापसाच्या बोळ्याने पाजायचे, असे चालले होते. 'मामा नाही का आला?' असे मी सहज विचारले, तेव्हा आजींनी दुपटे सारखे करायला घेतले. मामानेच सगळ्यांना रिक्षाने आणले होते. पण गुरुजींकडून दाताची शांत (दोष निवारण्याची पूजा) होईपर्यंत भाच्याचे तोंड पाहायचे नाही, म्हणून तो फाटकापाशी थांबला होता. एकाच घरात राहून नऊ दिवस तो बहिणीशी दाराआडून बोलत होता.

अशा वेळी मी आधी जबड्यात काय घडते ते सांगते. दुधाच्या दातांची घडण गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते आणि जन्मताना वीसही दात हिरडीखाली तयार होत असतात. त्यांतल्या एखाद्याचा अंकुर हिरडीच्या पृष्ठभागाच्या फार जवळ राहिला, तर सहाव्या महिन्याच्या सुमारास दिसायचा दात आधीच वर येतो. असे दोन-तीन हजार बाळांत एखाद्याला होते, आणि काही घराण्यांत ते वारशानेही दिसते. अशा दाताचे मूळ तयार झालेले नसते, म्हणूनच तो हलतो. एवढे ऐकून ती मुलगी पटकन म्हणाली, 'ज्याला स्वतःलाच मूळ नाही, तो दादाच्या मुळावर कसा येईल?' आजींनी डोळे वटारले, पण हसू त्यांनाही आवरले नाही.

आजींना तो दात दोऱ्याने ओढून काढायचा होता, आणि खरी भीती मला त्याचीच होती. नवजात बाळात रक्त गोठवणारे घटक कमी असतात. म्हणून दात काढावाच लागला तर दंतवैद्य दहा दिवस थांबतात किंवा जीवनसत्त्व 'के'चे इंजेक्शन दिले आहे की नाही ते आधी पाहतात. शिवाय असे बहुतेक दात जास्तीचे नसून दुधाच्या वीस दातांपैकीच असतात, त्यामुळे काढलेल्या दाताची जागा पक्का दात येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, रिकामी राहते. दात इतका खिळखिळा असेल की निखळून श्वासनलिकेत जाईल, किंवा त्याच्या कडेने जिभेखाली झालेली जखम कड घासूनही भरत नसेल, तरच तो काढतात. आमच्या दंतवैद्यांनी या बाळाच्या दाताची कड तेवढी गुळगुळीत केली. चोखताना जीभ खालच्या हिरडीवर येते, त्यामुळे दात सहसा लागत नाही, हे परिचारिकेने बाळाला तिथेच अंगावर घ्यायला लावून दाखवले. पहिल्या घोटापर्यंत आईचे खांदे ताठच होते.

शांत करू नका, असे मी म्हटले नाही. गुरुजींनी बाराव्या दिवसाचा मुहूर्त दिला होता, तो त्यांनी पाळावा. मात्र ओल्या बाळंतिणीला तोवर भावापासून तोडू नये, एवढेच मी आजींना विनवले. त्या काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र बाळ त्यांनी स्वतःच मामाच्या हातात दिले, तोंडावरचे दुपटे न काढता. ते त्यानेच बाजूला केले.

सहा महिन्यांनी ती तिघे पुन्हा आली, तेव्हा दात घट्ट झाला होता आणि त्याच्या शेजारचा हिरडीतून डोकावत होता. आजींनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, 'वरचे आता मागूनच येतील ना हो?'