स्पिरिटची चूल निवडताना

साताऱ्यातील बामणोलीच्या बाजूला शिवसागर जलाशयाकाठी मुक्काम करायचा असेल आणि दोघांपुरता चहा व खिचडीच शिजवायची असेल, तर माझ्या मते पितळी स्पिरिट बर्नर, म्हणजे जळाऊ अल्कोहोलवर चालणारी छोटी चूल, घ्यावा. ट्रँगिया या स्वीडिश कंपनीचा बर्नर सुमारे 110 ग्रॅमचा असतो, झाकणाला आटे असल्याने उरलेले इंधन त्यातच राहते आणि आच कमी करणारी चकतीही मिळते. शीतपेयाच्या डब्याची घरगुती चूल त्याहून हलकी असते, पण ती सहज चेपते आणि तिची आच कमी-जास्त करता येत नाही.

खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. साताऱ्याच्या पठारांवर आडोसा नसेल तर अर्धा लिटर पाण्यालाही दुप्पट स्पिरिट लागू शकते, म्हणून चुलीइतकाच विचार वारा अडवणाऱ्या पत्र्याचा करा.

उन्हात ही ज्योत जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे चूल विझून पूर्ण थंड झाल्याशिवाय त्यात इंधन कधीही ओतू नका. तंबूत ती पेटवू नका, कारण आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो. विकृत (डिनेचर्ड) स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकते, तेव्हा बाटलीवर ठळक खूण करून ती पिण्याच्या पाण्यापासून वेगळी ठेवा. वनहद्दीत मात्र कोणतीही चूल पेटवण्याआधी वनरक्षकांना विचारा.