भिंत फोडण्याआधी एवढं बघा

प्रश्न : बाथरूममागची बेडरूमची भिंत गुडघ्याइतकी ओलसर झाली आहे, पोपडे निघतात. प्लंबर म्हणतो, टाइल्स काढून सगळी लाइन बदला. पर्याय आहे का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आत्ताच टाइल्सना हात लावू देऊ नका. ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. मग दोन दिवस त्या बाथरूममध्ये आंघोळ, धुणं काहीही नको. टाकीचा कॉक मात्र चालू ठेवा. तरीही ओल रेघेबाहेर सरकली, तर नळाच्या लाइनचंच पाणी मुरतंय. जागची हलली नाही, तर संशय नाहाणीच्या जाळीभोवती आणि टाइल्सच्या सांध्यांवर. तिथे लाइन बदलून काडीचा उपयोग नाही. भिंत वाळायला आठवडे लागतात, तेव्हा ओल गेली का हे बघू नका, वाढली का तेवढंच बघा.

दोष लाइनचा निघाला, तरी पहिला संशय बादलीच्या नळावर घ्या. नळामागची गोल चकती पुढे सरकवा, आतली जागा फडक्याने कोरडी करा आणि टिश्यू पेपर खुपसून अर्धा तास थांबा. कागद भिजला, तर नळ आणि भिंतीतला एल्बो यांचा सांधा गळतोय. हे पाणी बाहेर टपकत नाही, प्लास्टरमागून खाली उतरतं. म्हणून ओल खालीच दिसते. कॉक बंद करून नळ काढा. जुनी टेप खरवडा. आटे आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे ताणून द्या आणि नळ बसवा. पान्याने फार आवळलं तर एल्बो चिरतो, आणि मग मात्र भिंत फोडावीच लागते.

प्रश्न : टाकी रात्रीतून उतरते, गळती कुठेच दिसत नाही.
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : फ्लशच्या टाकीत निळीचे दहा थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी आलं, तर तळाचं रबर बदला. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या तोंडापर्यंत चढलेलं असेल, तर फ्लोट खाली करा. पातळी तोंडाच्या इंचभर खाली हवी.

प्रश्न : मुलगी टोरांटोला असते. डिसेंबरात तीन आठवडे सगळे पुण्याला येणार, घर बंद. तिकडे पाइप गोठून फुटतात म्हणे!
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. बर्फाची गाठ आणि बंद नळ यांच्यात कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढून पाइप तडकतो. पाणी वाहू लागतं ते बर्फ वितळल्यावर. म्हणून निघताना तिने मेन व्हॉल्व्ह बंद करावा, सगळे नळ उघडून लाइन रिकामी करावी, फ्लश ओढावा. हीटिंग चालूच राहू द्यावं, 13 अंश सेल्सिअसच्या खाली नको. अंगणातल्या नळाचा होज काढून त्याचा घराच्या आतला व्हॉल्व्ह बंद करायचा, हे हमखास राहून जातं. घर रेडिएटरच्या गरम पाण्याने तापत असेल, तर मेन बंद करण्याआधी हीटिंगच्या तंत्रज्ञाला विचारावं. विम्याचे कागदही वाचायला सांगा: थंडीत घर बंद असताना कोणीतरी नियमित येऊन बघावं, अशी अट तिकडच्या बऱ्याच पॉलिसींत असते. शेजारी किल्ली देऊन ठेवावी आणि मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते दाखवूनच निघावं.