स्वरयंत्र काढावेच लागेल का?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६२) घशाच्या खालच्या भागाचा, पायरिफॉर्म सायनसचा कॅन्सर झाला असून गाठ स्वरयंत्राच्या कूर्चेत (लवचीक, मऊ हाडात) शिरल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसले आहे. डॉक्टर स्वरयंत्रही काढायला सांगतात. आवाज वाचवणारा दुसरा उपाय नाही का? — एक वाचक, सातारा

उत्तर : पायरिफॉर्म सायनस म्हणजे स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना, त्याला अगदी चिकटून असलेले खळगे, घास त्यांतूनच अन्ननलिकेकडे जातो. गाठ लहान असेल, तर तोंडातून लेझरने किंवा घशाचा थोडाच भाग काढून स्वरयंत्र राखता येते. त्याहून वाढलेल्या, पण कूर्चा न फोडलेल्या अनेक गाठींसाठी केमोथेरपी आणि रेडिएशन हा पर्याय असतो. याच कॅन्सरवरील एका युरोपीय चाचणीत (१९९६) आयुष्य न घटता काही रुग्णांचे स्वरयंत्र टिकले होते. मात्र कूर्चा फुटल्यावर त्या उपचाराचा भरवसा कमी होतो, आणि वाचवलेले स्वरयंत्र नीट मिटत नसेल, तर प्रत्येक घोटाला ठसका लागून अन्न फुप्फुसात उतरते. म्हणून तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो.

या शस्त्रक्रियेत स्वरयंत्र व घशाचा बाधित भाग यांसोबत मानेतील लसीका ग्रंथीही (कॅन्सर जिथे पसरू शकतो, त्या छोट्या गाठी) काढतात. घशाची भिंत पुरेशी उरली, तर ती तशीच शिवतात. कमी पडली, तर छातीच्या स्नायूचा किंवा मांडीच्या त्वचेचा तुकडा जोडतात. घशाचा पूर्ण घेर गेल्यास लहान आतड्याचा तुकडा बसवतात आणि अन्ननलिकाही काढावी लागली, तर जठर वर ओढून घशाला जोडतात. जखम भरली की बहुधा रेडिएशन द्यावे लागते.

श्वास यापुढे मानेवरील कायमच्या छिद्रातून चालेल, त्यामुळे आंघोळीच्या वेळी ते झाकावे लागेल आणि पोहणे बंद होईल. आवाज मात्र कायमचा जात नाही. श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये छोटी झडप बसवता येते. छिद्रावर अंगठा ठेवून श्वास सोडला की हवा घशात जाते आणि शब्द उमटतात. आवाज घोगरा असतो, पण घरच्यांना तो लवकर सवयीचा होतो. झडप रोज छोट्या ब्रशने साफ करावी लागते आणि काही महिन्यांनी बदलावी लागते.

शस्त्रक्रियेआधीच स्पीच थेरपिस्टची भेट ठरवा आणि शक्य झाल्यास, ही शस्त्रक्रिया होऊन आज बोलत असलेल्या एखाद्या रुग्णाशी वडिलांची गाठ घालून द्या.