भारतातून एमबीबीएस केलंय, अमेरिकेत डॉक्टर म्हणून काम करायला काय लागतं?
विचारलंयस की एमबीबीएसच्या डिग्रीवर तिकडे थेट प्रॅक्टिस करता येते का, तर नाही रे, डिग्री ही फक्त सुरुवात आहे. आधी तुझं कॉलेज वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्समध्ये आहे का आणि तिथे ईसीएफएमजीची (बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरांना सर्टिफिकेट देणारी अमेरिकन संस्था) नोंद आहे का ते बघ, हे आधी, बाकी सगळं नंतर. मग यूएसएमएलई, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरी लायसन्सची तीन स्टेप्सची परीक्षा, तिची स्टेप १ आणि स्टेप २ सीके, शिवाय इंग्रजीसाठी ओईटी ही परीक्षा, हे सगळं झालं की ईसीएफएमजी सर्टिफिकेट मिळतं.

स्टेप १ जानेवारी २०२२ पासून नुसती पास-फेल झालीये, त्यामुळे आता सगळा भार स्टेप २ च्या स्कोअरवर येतो. आणि घाई करू नकोस प्लीज, कारण एकदा पास झालास की स्कोअर वाढवायला परत बसता येत नाही आणि एका स्टेपला एकूण चारच अटेम्प्ट असतात.

खरी कसोटी पुढे आहे, रेसिडेन्सी, म्हणजे तिकडच्या हॉस्पिटलमधलं काही वर्षांचं ट्रेनिंग. इथे एमडी करून दहा वर्षं प्रॅक्टिस केलेल्यांनाही बहुतेक वेळा ती तिथे पुन्हा करावी लागते, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. टेनेसीसारख्या काही राज्यांनी अनुभवी डॉक्टरांसाठी तात्पुरत्या लायसन्सचा कायदा केलाय, पण अजून त्यावर सगळा प्लॅन आखू नकोस.

लायसन्स राज्याचं मेडिकल बोर्ड देतं, त्यासाठी स्टेप ३ लागते आणि रेसिडेन्सीची किती वर्षं हवीत ते राज्यागणिक बदलतं. रेसिडेन्सीसाठी जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर गेलास तर ट्रेनिंगनंतर दोन वर्षं मायदेशी परतायची अट असते, वेव्हर, म्हणजे या अटीतून सूट, मिळाला तरच सुटका.