पाण्यात गेलेला नंबर

साताऱ्यात पोवई नाक्याजवळ आमचं चष्म्याचं दुकान होतं. आधी वडिलांचं, मग माझं. चाळीस वर्षं काचा घासल्या, काड्या वाकवल्या, नाकावरचे पॅड बसवले. मी डॉक्टर नव्हे. डोळा लाल झालाय, दुखतोय, एकाएकी काळे ठिपके पोहायला लागलेत, अशी पत्रं आली की माझं उत्तर एकच: पत्र कसलं लिहिताय, आजच डॉक्टरांना दाखवा. भिंगाबद्दल विचारलंत तर मात्र मी थांबत नाही, हे संपादकांनाही ठाऊक झालंय. या वेळी पाच पत्रं घेतो.

प्रश्न : मी मालवणचा, पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेतो. पाण्यात नुसते डोळे उघडले तर सगळं धुरकट, मास्क लावला की लख्ख. पाणी तेच. मग मास्कची सपाट काच असं काय करते? माझ्या भावाला मायनस ६ नंबर आहे. तो म्हणतो, पाण्यात त्याला माझ्यापेक्षा बरं दिसतं. खरं का?

उत्तर : काचेला श्रेय देऊ नका. काम करते ती काचेमागे अडकलेली हवा.

भिंगाच्या पोटात शिरल्यावर प्रकाश वळत जातो असं बहुतेकांना वाटतं. चष्म्याच्या भिंगात तो वळतो फक्त सीमेवर, एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना. किती वळणार ते भिंगाच्या बाकावर जसं ठरतं, तसं त्या दोन पदार्थांत फरक किती यावरही ठरतं. शाळेत शिकलेला अपवर्तनांक आठवा. हवेचा १, पाण्याचा १.३३, चष्म्याच्या साध्या काचेचा १.५२. आणि आपल्या बुबुळावर जो पारदर्शक घुमट असतो, पुस्तकातलं पारपटल, त्याचा १.३८च्या आसपास. हवेतून या घुमटात शिरताना प्रकाशाला चांगली मोठी पायरी लागते. पाण्यातून शिरताना पायरी कसली, उंबरठासुद्धा नाही.

आता हिशेब. आमच्या धंद्यात ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात: एक मीटरला फोकस होणारं भिंग १ डायॉप्टरचं, अर्ध्या मीटरला होणारं २चं. तुमचा ‘नंबर’ म्हणजे हेच डायॉप्टर. सगळा डोळा मिळून साधारण ६० डायॉप्टरचा असतो. त्यातले ४३च्या आसपास एकट्या पारपटलाचे. लोक ‘डोळ्यातलं भिंग, डोळ्यातलं भिंग’ म्हणून त्याचं कौतुक करतात, पण दोनतृतीयांश ओझं हा घुमटच वाहतो. पाण्यात डोळे उघडलेत की हे ४३ जवळजवळ सगळे पाण्यात जातात.

भाऊ खोटं बोलत नाही, पण फुशारकी मारतोय. मायनस ६ म्हणजे त्याचा डोळा त्याच्या लांबीच्या मानाने प्रकाश ६ डायॉप्टर जास्त वळवतो. पाण्यात तुम्ही त्रेचाळीस रुपयांनी भिकारी, तो सदतीस रुपयांनी. एवढ्या भांडवलावर त्याने दहा फुटांवरून बांगडा आणि तारली वेगळी ओळखून दाखवावी.

मास्कमुळे घुमटासमोर पुन्हा हवा येते आणि ४३ परत मिळतात. मात्र सपाट काचेपाशी प्रकाश थोडा वळतोच, त्यामुळे पाण्यातली वस्तू तीनचतुर्थांश अंतरावर वाटते. चार हातांवरचा मासा तीन हातांवर, आणि दिसायलाही मोठा. नवखे पर्यटक हात घालतात तो अलीकडेच पडतो, हे तुम्ही रोज बघत असाल.

घरी पटवून घ्यायचं तर हातातलं भिंग पाण्याच्या टबात बुडवा आणि तळाशी ठेवलेलं नाणं त्यातून पाहा. हवेत भलंमोठं दाखवणारं भिंग पाण्यात मरगळतं, कारण त्याचा फोकस जवळजवळ चौपट लांब जातो.

मग माशांचं कसं चालतं? त्यांच्या घुमटाचा पाण्यात उपयोग शून्य, म्हणून आतलं भिंग पार गोल, गोटीसारखं. कालवणात माशाच्या डोळ्यातून पांढरा टणक मणी निघतो ना, तेच ते भिंग. जिवंतपणी ते काचेसारखं पारदर्शक असतं. शिजल्यावर त्यातली प्रथिनं गोठतात आणि अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखी अपारदर्शक होतात. हा मणी लक्षात ठेवा, पुढच्या पत्रात लागणार आहे.

प्रश्न : आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चार दिवसांत तिला समोरच्या बिल्डिंगवरची पाटी वाचता यायला लागली. माझ्या आजोबांना मात्र ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्मा होता, तरी ते पायरी चुकायचे. हा फरक कशाने? आणि लांबचं इतकं स्वच्छ दिसतंय तर आईला पेपर वाचायला चष्मा का? (नाशिक)

उत्तर : मोतीबिंदूत तोच मणी आपल्या डोळ्यात, पण शिजून नव्हे तर वर्षानुवर्षं हळूहळू होतो. भिंगातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, गढूळ होतात. आजोबांच्या काळी ते गढूळ भिंग काढून टाकत आणि तिथे काहीच बसवत नसत. डोळ्यातली जी ताकद गेली ती नाकावर, बहुधा प्लस १० ते १२च्या काचांनी, भरून काढायची. पण तीच भरपाई डोळ्याच्या आत आणि डोळ्याबाहेर बोटभर अंतरावर, यात फार फरक पडतो. त्या चष्म्यातून जग पाव पटीने मोठं दिसतं आणि म्हणून जवळही वाटतं. पायरी आली असं वाटून पाय टाकावा तर ती अजून पुढेच. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेल्याची तर फार पंचाईत, कारण दोन डोळ्यांना दोन मापांचं जग दिसे आणि मेंदूला त्यांची जोडणी जमत नसे.

वडील असा चष्मा दिला की म्हाताऱ्या माणसाला लगेच सोडत नसत. तांब्या-भांडं पुढे ठेवत आणि म्हणत, बाबा, पाणी ओतून घ्या. पहिल्यांदा पाणी हमखास टेबलावर. पाचसहा वेळा ओतून भांड्यात पडायला लागलं की मगच डबी हातात देत. दुकानातलं ते टेबल कायम फुगलेलं असायचं.

डोळ्यातच भिंग बसवायची सुरुवात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी झाली. करणारे डॉक्टर हॅरल्ड रिडली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या डोळ्यांत पर्स्पेक्सचे, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक प्लास्टिकचे कण घुसत. डोळ्यात कुसळ गेलं तरी आपण हैराण होतो, पण हे कण तिथे मुकाट पडून राहत, हे रिडलींनी पाहिलं होतं. त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करून घेतलं.

माझ्यासारख्या काच घासणाऱ्याला या गोष्टीतला पुढचा भाग जास्त आवडतो. रिडलींनी आकार जवळजवळ माणसाच्या भिंगाचाच ठेवला. पण प्लास्टिकचा अपवर्तनांक १.४९, खऱ्या भिंगाचा १.४२च्या आसपास. दोन्ही बुडालेले १.३४च्या द्रवात. म्हणजे सीमेवरचा फरक जवळजवळ दुप्पट. पहिल्या रुग्णाला भिंग बसलं आणि वर भलामोठा मायनस नंबर आला! मालवणच्या भावोजींचा प्रश्नच की हा, फक्त उलटा.

तुमच्या आईला ऑपरेशननंतर एक छोटं कार्ड दिलं असेल. त्यावर भिंगाची ताकद छापलेली असते, पुष्कळदा २०-२२ डायॉप्टरच्या आसपास. ही ताकद डोळ्यातल्या द्रवात असतानाची. तेच भिंग हवेत मोजलं तर अडीच-तीन पट भरेल.

आणि पेपर? साधं बसवलेलं भिंग एकाच अंतराला बांधलेलं असतं. डॉक्टरांनी ते लांबसाठी निवडलं, म्हणून जवळसाठी चष्मा. ऑपरेशनमध्ये काही राहून गेलं असा संशय घेऊ नका.

प्रश्न : ताडोब्याला जाण्यासाठी दुर्बीण घ्यायची आहे. वय ६२. दुकानदार म्हणतो १०×५० घ्या, जास्त ताकदवान. भाचा म्हणतो ८×४०. कोणती? (नागपूर)

उत्तर : भाच्याचं ऐका. पहिला आकडा किती पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी निघते. इथे दोन्हींची ५ मिलिमीटरच. साठीनंतर डोळ्यातली बाहुली अंधारातही याहून फारशी मोठी होत नाही, तेव्हा उजेडाच्या बाबतीत तुम्हाला दोन्ही सारख्याच. राहिला प्रश्न हाताचा. दहा पट वाघ दिसतो तशी हाताची थरथरही दहा पट दिसते, आणि जिप्सीत बसून हात स्थिर ठेवायचा म्हणजे झालंच. दुर्बिणीचा मधला भाग जाड का, असंही विचारलंय. दोन बहिर्वक्र भिंगांची दुर्बीण सगळं उलटं दाखवते. ते सुलटं करणारे लोलक त्या जाड भागात बसलेले असतात. दुर्बीण हातातून पडली की दोन-दोन वाघ दिसायला लागतात, ते हे लोलक सरकल्यामुळे.

प्रश्न : वय ४६. आयुष्यात कधी चष्मा नव्हता. आता सुईत दोरा ओवता येत नाही. माझी जाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, शाळेपासून मायनस ३चा चष्मा. ती चष्मा काढून झटक्यात दोरा ओवते आणि वर मला हसते. माझे डोळे तर चांगले होते ना? (सोलापूर)

उत्तर : ताई, डोळे अजूनही चांगलेच आहेत. चाळिशी लागली आहे. वयालाही आणि चष्म्यालाही एकच शब्द वापरणारी आपली मराठी किती नेमकी बोलते पाहा.

जवळचं पाहताना डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा स्नायू आवळतो, भिंगाला ताणून धरणारे बारीक धागे सैल पडतात आणि भिंग फुगीर होतं. म्हणजे ताकद वाढते. हे काम भिंगाचंच, पारपटलाचं नाही, हे टॉमस यंग या इंग्रज गृहस्थाने कसं दाखवलं माहीत आहे? १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने स्वतःच्या डोळ्यावर केलेले प्रयोग दिले आहेत. पाणी आणि एक भिंग भरलेली छोटी नळी त्याने डोळ्याला चिकटवून धरली. पाण्याने पारपटल बाद, त्याच्या जागी नळीतलं भिंग. तरीही त्याला जवळ-लांब फोकस करता येत होतं. म्हणजे करणारा आत होता.

हे आतलं भिंग जन्मभर नवे थर धरत राहतं, कांद्यासारखं, आणि दरवर्षी थोडं घट्ट होतं. दहा वर्षांचं पोर १२ डायॉप्टरहून जास्त ताकद वाढवू शकतं, नाकाला पुस्तक लावून वाचतं. चाळिशीत ४-५ उरतात, साठीला जेमतेम १. सुई एक फुटावर धरायची तर ३ डायॉप्टर वाढवावे लागतात, आणि होतं नव्हतं तेवढं सगळं सतत खर्चून डोळा दमतो.

जाऊबाईंचं म्हणाल तर त्यांचंही भिंग तुमच्याइतकंच घट्ट झालंय. पण मायनस ३चा डोळा चष्म्याशिवाय एक तृतीयांश मीटरवर, म्हणजे जवळपास फूटभर अंतरावर, आयताच फोकस झालेला असतो. काही वाढवावंच लागत नाही. शाळेत फळा दिसेना म्हणून रडलेल्या त्या, आता व्याज वसूल करतायत. त्यांना चष्मा न काढता ओवायला सांगा, मग हसू कुणाला येतं ते बघा.

चाळिशी लावल्याने नंबर वाढतो ही समजूत मी दुकानात किती वर्षं खोडत होतो! नंबर वयाने वाढतो. चष्मा लावा न लावा, तो पंचावन्न-साठपर्यंत वाढायचाच.

प्रश्न : कपाट आवरताना घरातल्या गेलेल्या माणसांचे चार जुने चष्मे एका डब्यात सापडले. कुणाचा कोणता हे ओळखायचं काही साधन आहे का? आजोबांना मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आजीला फक्त वाचायचा, काकांना लांबचा. चौथ्याचं माहीत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : साधन तुमच्या घराला आहेच, खिडकी. मशीन यायच्या आधी आम्हीही असंच करायचो. चष्मा डोळ्यापासून चार बोटं लांब धरून एका काचेतून लांबच्या खिडकीचा उभा गज पाहा आणि चष्मा हळू डावी-उजवीकडे हलवा. गज चष्म्याच्या उलट दिशेने सरकला तर प्लस, चष्म्याबरोबरच सरकला तर मायनस. जेवढा सरकतो तेवढा नंबर मोठा. मग वर-खाली हलवून आडवा गजही पाहा. शेवटी काच समोर धरून चाकासारखी फिरवा. काचेतला गज बाहेरच्या गजापासून तुटून कात्रीसारखा तिरपा झाला तर त्यात सिलिंडरचा नंबर आहे, म्हणजे काचेची ताकद एका दिशेला वेगळी आणि दुसरीला वेगळी.

गज बरोबरीने चालला तो काकांचा. सावकाश उलट चालला तो आजीचा. ज्यात गज उलट दिशेने झपकन पळेल, चष्मा हातभर लांब नेला तर सगळी खिडकीच उलटी दिसेल, आणि काच मधोमध फुगलेली असेल, तो आजोबांचा. तो बाकीच्यांपेक्षा जड लागेल, काच असेल. खिशातल्या रुमालाने घासू नका, इतक्या वर्षांची धूळ ओरखडे पाडते. नळाखाली धरा, साबणाचं बोट फिरवा, मऊ सुती कापडाने टिपा.

चौथ्यात गज हललाच नाही तर तो शून्य नंबरचा. दुकानात असे बरेच बनवून दिलेत मी, कॉलेजच्या पोरांना.