आधी सिरिंज, मग सिम्युलेशन

सर, वायूंचा दाब शिकवताना ‘फेट’ (PhET) या संकेतस्थळावरचं सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरचा आभासी प्रयोग, थेट प्रोजेक्टरवर लावू नका. आधी बाकाबाकावर बिनसुईची सिरिंज द्या. तोंडावर अंगठा घट्ट धरून दट्ट्या आत ढकलू दे. हवा निम्म्यावर आली की हाताला जो उलटा जोर जाणवतो, तो पडद्यावर कुठेच नाही. तिथे नुसता दाबमापकाचा काटा सरकतो.

मग सिम्युलेशन. तापमान स्थिर ठेवा आणि पडद्यावरच्या वायूच्या डब्याची भिंत मुलांनाच सरकवू द्या. घनफळ निम्मं, दाब दुप्पट हे त्यांनाच सापडू दे.

खरी मजा पुढे आहे. ‘दाब का वाढला?’ विचारा आणि मुलांच्या हातांकडे बघा. एखादी मुलगी म्हणते, ‘कण दाबले गेले’, पण तिची बोटं तळहातावर भराभर आपटत असतात. कणांच्या भिंतीवरच्या टकरा वाढल्यात हे तिच्या हातांना कळलंय, बोलण्यात अजून आलेलं नाही. चर्च आणि गोल्डिन-मेडो या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये लहान मुलांच्या अभ्यासातून दाखवलं, की हात एक आणि तोंड दुसरं सांगतं तेव्हा मूल शिकायला तयार असतं. म्हणून तिला लगेच दुरुस्त करू नका. ‘बोटं काय करतायत, ते सांग बघू,’ एवढंच म्हणा आणि थांबा.