पहिल्यांदा आयशॅडो लावतेयस? मग एवढंच कर

मोठी पॅलेट आत्ता घेऊच नकोस. दोन मॅट (चमक नसलेले) रंग पुरे: एक त्वचेच्या जवळचा, दुसरा थोडा गडद तपकिरी.

खरी गंमत ब्रशमध्ये आहे. पॅलेटसोबतचा स्पंज बाजूला ठेव, मऊ, फुगीर ब्लेंडिंग ब्रश घे. रंग घेतलास की ब्रश डबीच्या कडेवर हलकेच झटक, नाहीतर पावडर गालावर सांडते. (म्हणून फाउंडेशन डोळ्यांनंतर!) डोळे उघडे ठेवून आरशात सरळ बघ आणि पापणीच्या घडीच्या जरा वर गडद रंग लाव. मग कोरड्या, स्वच्छ ब्रशने कडा पुसट होईपर्यंत फिरव.

नवशिक्या हमखास चुकतात ते इथे:
- एकदम भरपूर रंग घेणं
- रंग थेट भुवईपर्यंत नेणं
- तेलकट पापणीवर तसाच लावणं. आधी किंचित कन्सीलर (डाग झाकणारं त्वचेच्या रंगाचं क्रीम) हवा

कट क्रीज (पापणीच्या घडीवर ठळक रेघ दिसेल असा अवघड मेकअप) वगैरे आत्ता डोक्यातही आणू नकोस.